बिळाला कान लावणारी अक्का

अन्याय झाला तो एका बाईवर. गेल्या फाल्गुनातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी पावणेदोन वाजता, फैजपूरच्या उत्तरेला एका केळीच्या बागेत. मजूर बाया बांधावरच्या निंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. बागेचा मालक आला. त्याच्या हातात ठिबकच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा होता. त्यानं सगळ्यांमधून एकीला उभं केलं आणि तिचं फडकं जमिनीवर उलटं केलं. फडक्यातून पडलं ते एवढंच: अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा, तंबाखूची डबी आणि विळा. केळीची वाळलेली पानं कापायला आलेल्या बाईच्या फडक्यात विळा नसेल तर काय असेल? बाकीच्या बायांच्या फडक्यांतही विळेच होते. पण मालकानं तिचाच उचलला, उंच धरला आणि म्हणाला, "हे पहा. ह्याच्यानंच कापल्या माह्या नळ्या."

बाकीच्या सगळ्या खाली बघून भाकरी खात राहिल्या. तिला त्याच पावली बागेतून काढलं. पाड्यापर्यंतचा रस्ता तिनं भर उन्हात पायी काढला.

त्या बाईला सगळे अक्का म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा आहे. तिथं पावसावरची शेती, थोडा डिंक, थोडी मोहाची फुलं. पाऊस संपला की शेत संपलं, मग खाली केळीच्या पट्ट्यात मजुरी. मुकादमाची पिकअप गाडी रोज सकाळी पाड्याच्या फाट्यावर थांबते, बायांना भरते आणि बागाबागांत सोडते. गाडी थांबली तर काम आहे, नाही थांबली तर नाही. त्या पाड्याचं जगणं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

मी शेतमजुरांच्या संघटनेत काम करते. माझं काम पत्रकं लिहिणं. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, कोणी केला आणि वाचणाऱ्यानं काय करायचं, हे एका कागदाच्या दोन बाजूंत बसलं पाहिजे, असं आम्हाला शिकवलं. त्यातलं 'कोणी केला' हे मी ह्या वेळी चुकीचं लिहिलं. ती चूक एका बाईच्या आणि एका पाड्याच्या अंगावर गेली. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. बागेत काही कापलेलं दिसलं की तो आधी माणसाचा माग काढतो. इथं वैर माणसावर कमी निघतं, केळीवर जास्त. बांधावरून भांडण झालं, निवडणुकीत कोणी पडलं, ठरलेली सोयरीक मोडली, की एखाद्या सकाळी घडांनी वाकलेली उभी बाग कोणीतरी कोयत्यानं आडवी केलेली असते. माझ्या मामाची बाग अशीच गेली. कोणी केलं ते आजही माहीत नाही. पण मामा ज्याच्यावर संशय धरून आहे, त्याच्या दुकानातून काडीपेटीसुद्धा घेत नाही. मी ह्याच घरातली भाची.

त्यामुळं अक्काची गोष्ट कानावर आली तेव्हा मी लगेच माणसं मोजायला लागले. पहिला मुकादम. पंधरा दिवसांपूर्वी अक्कानं त्याला गाडीजवळ सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की बायांना शेळ्यांसारखं कोंबू नको, दोन खेपा कर. त्या दिवशी बाकीच्या बायाही गाडीत चढायच्या थांबल्या होत्या. मुकादमाला हे झोंबलेलं असणारच. दुसरा मालक, मुकादमाचा दोस्त. तोंड चालवणारी बाई दोघांनाही नको. आणि तिसरा मालकाचा चुलत भाऊ. त्याची बाग शेजारीच, मधल्या बांधावरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद. नळ्या कापल्या गेल्या त्या नेमक्या त्याच बांधालगतच्या ओळींत. मला ह्याहून जास्त काही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाड्यावर गेले. अक्का ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत होती. राग नाही, रडणं नाही. मला ते जरा खटकलंच. माझ्या पत्रकातल्या बाया रडत असतात.

"अक्का, कोणी कापल्या असतील गं नळ्या?"

"उंदरंसनी."

"अक्का, घाबरू नकोस. खरं सांग. मी आहे ना."

"खरंच सांगी राह्यनी. बांधना जोडे तीन ओळी शेतस ना, तठे खाले पिलं शेतस. मी ऐकं ना. बोलतस."

"काय बोलतात?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की हिला कॉलेजात नक्की काय शिकवलं. "पिलं काय बोलतीन, पोरी? भूक लागनी. थंडी वाजनी. माय कोठे गई?"

शेजारची बाई खो खो हसली. मीही हसले. आणि मग अक्का सांगत सुटली. तिच्या लहानपणी गहू निघाला की पाड्यावरची माणसं खाली येत आणि रिकाम्या शेतांत बिळं उकरत. उंदरांनी साठवलेल्या ओंब्या काढून नेत. मालक लोकही अडवत नसत, उंदरं कमी होतात म्हणून. पण उकरण्याआधी कान लावायचा, हा नियम. तोंडाशी ताजी माती कोंबलेली असेल आणि आत गुरगुर असेल, तर ती घूस. एकटी राहते, भांडखोर, पण तिच्याकडं धान्य भरपूर. चार-पाच तोंडं असतील तर मऊ केसांची लहान उंदरं, एकत्र राहणारी. त्यांतल्या एकाला चाहूल लागली की ते काहीतरी करतं आणि बाकीची मागच्या दारानं पसार. आणि पिलांची चूं चूं आली, तर ते बीळ सोडायचं. इतर बिळांतही शेवटच्या खोलीतल्या ओंब्यांना हात लावायचा नाही.

"बठ्ठं लई जावानं नही," ती म्हणाली. "त्यासले बी उन्हाळा काढना शे."

मी वहीत हे सगळं उतरवून घेतलं. वर 'परंपरा' असं लिहिलं आणि पान उलटलं. बाई साक्ष देत होती, आणि मी ती लोकगीत म्हणून ऐकत होते.

तिनं शेवटी आणखी एक सांगितलं होतं. "ज्याले नुकसान करनं शे तो मोठा पाइप कापी ना, पोरी. बठ्ठी बाग सुकी जाई. ह्या लहान नळ्या, त्या बी फक्त तीन ओळीना. माणूस इतला आळशी राहस का?" उत्तर नसलं की माझा संशय आणखी वाढतो. मला वाटलं, ही कोणाला तरी घाबरून उंदरांचं नाव घेते आहे.

त्याच रात्री मालकाकडंही गेले. त्यानं चहा दिला. उंदरांचं काढलं तेव्हा त्यानं दार लोटून घेतलं, पुढं वाकला आणि कुजबुजला, "हळू बोला ताई. ऐकतात."

आमच्याकडं उंदरांचं औषध टाकायचं असलं की त्याचं नाव घेत नाहीत. उंदीर हा शब्द नाही, औषध हा शब्द नाही. 'पाव्हण्यांचं जेवण' म्हणायचं, तेही कानात. उंदरांनी ऐकलं तर ते शिवत नाहीत, वर रागानं घरातले कपडे कुरतडतात, अशी घरोघरची खात्री. मालकानं शनिवारी बागेत औषध टाकलं होतं. बायकोला खुणेनं सांगितलं, पिठाच्या गोळ्या मळताना घरात टीव्ही मोठा केला, आणि बागेत जाताना शेजाऱ्यानं विचारलं तर फुलांना चाललो म्हणाला.

"एका शब्दानं कुठं बोललो नाही," तो अभिमानानं म्हणाला. "मग त्याइले कळंल कसं? बिनघोर खाल्लं असंल सगळ्याइनं. उंदरं तं संपली. रविवारी पाणी सोडलं, सोमवारी पाहिलं तं नळ्या कापेल. मग सांगा, कोनं कापल्या?"

म्हणजे बघा. उंदीर माणसाचं बोलणं ऐकतो, हे ह्या माणसाला पटतं. इतकं पटतं, की त्या जोरावर त्यानं उंदरांना निर्दोष ठरवलं. पण एखादं माणूस उंदराचं बोलणं ऐकतं, हे मात्र त्याला पटत नाही. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी चहा संपवला आणि मनात म्हणाले, हा फारच रंगवून सांगतो आहे, नक्की काहीतरी लपवतो आहे.

पत्रक बुधवारच्या बाजारात वाटलं. वर ठळक अक्षरांत: 'नळ्या कोणी कापल्या? बांध कोणाला हवा आहे ते बघा!' खाली अक्काचा अपमान, वेळेसकट. चुलत भावाचं नाव कुठंही नव्हतं. नाव घालायची गरज नव्हती, भाजीवाल्या बाईनंसुद्धा वाचून विचारलं, "मंग बांधवाल्यानंच केलं म्हना की." मला तेव्हा बरं वाटलं.

पुढं जे झालं ते क्रमानं सांगते, कारण माझी चूक त्या क्रमातच आहे. अक्काला मालकानं काढल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला कामावर बोलावलं होतं ते त्याच चुलत भावानं. त्याला माणूस हवं होतं आणि मालकाला चिडवायचंही होतं. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पत्रक वाचून मालक खूश झाला. त्यानं ते चौकात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुढं स्वतःची ओळ जोडली: "चुलत भावानं कापल्या, पण कोनाच्या हातानं? हिच्या. म्हनून तं दुसऱ्या दिवशी कामावर ठेवली." म्हणजे मी ज्या बाईला सोडवायला निघाले, तिला माझ्याच कागदानं सुपारी घेणारी केलं. आणि चुलत भाऊ असा भडकला, की त्यानं तिला हाकललंच, वर मुकादमाला निरोप दिला: त्या पाड्यावरची एकही बाई आमच्या बागांत नको.

गुरुवारी सकाळी गाडी फाट्यावर थांबली नाही. शुक्रवारीही नाही. अख्खा पाडा बसून.

मी शनिवारी गेले तेव्हा बाया माझ्याशी बोलेनात. एकीनं अक्काला माझ्यादेखत टोमणा मारला, "जाय, उंदरंसले सांग, गाडी धाडा म्हना." अक्का मला एवढंच म्हणाली, "तू लिखं. मले इचारं नही."

मी आमच्या संघटनेतल्या नानांकडं गेले. त्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं. म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढू. ते म्हणाले, "पत्रक मागं घेतलं की पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवील?" मी म्हटलं, "आणि चुकीचं तसंच ठेवलं तर ठेवतील का?" ते पेपर वाचायला लागले.

तेव्हा मला देवपूरची मैत्रीण आठवली.

कॉलेजात असताना देवपूरला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी मोर्चे करायचे, ती प्राणिशास्त्र. खोलीत उंदीर होते. घरमालकीण बाई सज्जन, मारायचं नाही म्हणायच्या. पिंजऱ्यात अडकला की आम्ही तो पांझरा नदीच्या पुलावरून पलीकडं नेऊन सोडायचो. एका सकाळी पुलाच्या मध्यावर समोरून एक काका आले, त्यांच्याही हातात पिंजरा. ते त्यांचा उंदीर देवपुरात सोडायला निघाले होते. आम्ही एकमेकांच्या पिंजऱ्याकडं बघितलं आणि आपापल्या वाटेनं पुढं गेलो. मैत्रीण पोट धरून हसली होती. ती तेव्हापासून उंदरांच्या आवाजांवर काम करते. तिनं मला एकदा सांगितलेलं मी टिंगलीवर नेलं होतं: उंदीर जे बोलतात त्यातलं बरंचसं आपल्याला ऐकू येतं त्याच्या वरच्या पट्टीत असतं. घरट्याबाहेर पडलेलं पिलू तसं ओरडतं आणि आई त्या आवाजावर धावत येते. धोका दिसला की मोठे उंदीर वेगळाच लांब सूर काढतात, बाकीचे जागच्या जागी गप्प होतात. खेळताना पुन्हा तिसराच आवाज. आपण शेजारी झोपलेले असतो आणि भिंतीत अख्खी गल्ली बोलत असते.

फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "औषध मुकाट्यानं टाकलं म्हणून उंदीर मेले? हे कोणी सांगितलं? अगं, नवीन खाणं दिसलं की ते आधी जरासंच चाखतात. एकदा पोट बिघडलं की परत शिवत नाहीत. तुमच्या कुजबुजीशी त्यांना काही देणंघेणं नाही."

"तू येशील?"

"येते. पण आधीच सांगते, आवाजावरून नळी कोणी कुरतडली ते सिद्ध होत नाही. पत्रकात तसं लिहायचं नाही."

मला तिचा रागच आला. पण ती एसटीनं आली, पाठीवर वटवाघळांचे आपल्या कानांना न पकडता येणारे आवाज ऐकायचं यंत्र घेऊन.

मालकानं परवानगी दिली, कारण अक्का जाऊन आठ दिवस झाले तरी त्याच तीन ओळींत नळ्या कापल्या जात होत्या. त्याला वाटत होतं, मी चुलत भावाला पकडायला आले आहे. मी तसं वाटू दिलं. हेही इथं कबूल करून टाकते.

अक्का यायला तयार नव्हती. "त्या बांधवर मी पाय नही ठेवस," म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच उठली. "पिलंसना डोळा उघडी गया तं ती पांगी जातीन. मंग तू लोकसले काय दखाडशी?"

दुपारचे चार. बागेत सावली दाट, खाली वाळक्या पानांचा थर. अक्का ओळीत गेली, पानं हातानं बाजूला केली आणि आडवी होऊन जमिनीला कान लावला. बराच वेळ. मालक बांधावर हात बांधून उभा. मला त्याचा संशय, त्याला माझा, आणि दोघांना मिळून मैत्रिणीच्या यंत्राचा.

"आठे," अक्का एका जागेवर बोट ठेवून म्हणाली. "सहा शेतस. माय घरमा नही."

तिनं कुदळीला हात लावला नाही. मागच्या बाजूनं बोटांनीच माती काढत गेली. कोपरभर खोलीवर घरटं लागलं. केळीच्या बुंध्याच्या सोपटाचे मऊ केलेले धागे, गोणपाटाचे तुकडे, आणि त्यांत विणल्यासारखे काळे प्लास्टिकचे कीस. मी हात घालून मूठभर बाहेर काढले. ठिबकची नळी. काही तुकड्यांवर दातांच्या दोन-दोन रेघा. मैत्रीण म्हणाली, "हा तुझा पुरावा. दात. आवाज नाही."

"हे कोनी टाकलं असंल आत," मालक बांधावरून म्हणाला.

"भाऊ, जमिनीच्या आत? पिलांच्या खाली?"

मालक खाली उतरला आणि उकिडवा बसला. पिलं गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. मैत्रिणीनं एक पिलू हळूच उचलून घरट्यापासून हातभर लांब पानावर ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. आम्हाला जेमतेम एखादी चूं ऐकू येत होती, तीही थांबून थांबून. यंत्रातून मात्र एकामागून एक टकटक सुरू झाली. थांबेच ना. पिलाचं तोंड उघडंमिटं होत होतं आणि त्याबरोबर यंत्र वाजत होतं. खरं सांगते, मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं, बटण दाबते आहे का.

"मोबाईलवर काही लावलं असंल," मालक म्हणाला. म्हणजे आम्ही दोघं एकाच शाळेतले.

मैत्रिणीनं यंत्र त्याच्या हातात दिलं. "धरा तुम्हीच. पिलाकडून फिरवून दुसरीकडं करा." त्यानं फिरवलं, यंत्र गप्प. परत पिलाकडं केलं, पुन्हा टकटक. तीनदा केलं. मग यंत्र मैत्रिणीला परत दिलं.

आम्ही बांधावर जाऊन बसलो. अक्कानं तोंडावर बोट ठेवलं. मैत्रिणीला काही विचारायला मी तोंड उघडलं, तर मालकच कुजबुजला, "हळू. ऐकतात." ह्या वेळी त्याला कोणी हसलं नाही. थोड्या वेळात शेजारच्या ओळीतून, चुलत भावाच्या बाजूनं, एक उंदरीण आली. थबकली. पानावरच्या पिलाकडं सरळ गेली, ते तोंडात धरलं आणि बांधाखालच्या भोकात शिरली. परत आली, घरट्यातलं दुसरं नेलं. मग तिसरं. बांध कोणाचा, ह्याची तिला काही चौकशी करायची नव्हती. सगळी पिलं नेईपर्यंत आम्ही चौघं हललो नाही. मध्येच मी अक्काकडं बघितलं. ती खेपा मोजत होती. शेवटचं पिलू गेल्यावर मैत्रिणीला म्हणाली, "पाचच शे. मी सहा म्हनी व्हती."

"सुरुवातीला मला यंत्रातही नक्की कळलं नव्हतं, अक्का," मैत्रीण म्हणाली. "तुमचं यंत्रापेक्षा बरं."

मालक उठला, पँट झटकली. "हं. उंदरं तं उंदरं. परत पाव्हण्याइचं जेवन टाकतो."

"भाऊ, आणि अक्काचं काय?"

"काय अक्काचं? मी काय पोलिसात गेलतो का?"

"सगळ्यांसमोर तिचं फडकं उलटं केलं. सगळ्यांसमोर सांगा, नळ्या तिनं कापल्या नव्हत्या."

"आता एवढ्यासाठी मानसं गोळा करू का?" मग जरा ओशाळून, म्हणून जास्त वाईट बोलला: "तुमची अक्का म्हंजे उंदीर खानारी जात. तिले कळनारच."

मी उसळले. अक्कानं माझा हात दाबला. "खादात ना, धाकलपनमा," ती त्याला म्हणाली, अगदी सरळ. "भूक लागे तं खावूत. म्हनीसन तं मले त्यासनी रीत माहीत शे. तुम्ही इतल्या वर्षंपाईन मजूर ठेवी राह्यनात, भाऊ. तुम्हले आमनी रीत कोठे माहीत शे?"

मालक विहिरीकडं निघून गेला.

मी चुलत भावाकडं माफी मागायला गेले. तो ओट्यावर दाढी करत होता, तशीच करत राहिला. म्हणाला, "पत्रक अख्ख्या बाजारानं वाचलं, आणि माफी मले एकट्याले?" तो खरं बोलत होता. पाड्याच्या बायांचं विचारलं तर म्हणाला, "मी कुठं अडवल्या? मी रागात बोललो. मुकादमाले विचारा." मुकादम म्हणाला, "मले काय? बागाईतदार म्हनतीन तसं. बाकीचे बी नको म्हनतात आता." बाकीचे कोण, ते सांगेना. मी चार बागाईतदारांना विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, माझं काही नाही, दुसऱ्यांचं असंल. मला अजूनही वाटतं की गाडीच्या दोन खेपा करायला लागू नयेत म्हणून मुकादमानं नळ्यांचं निमित्त साधलं. पण हे मी आता पत्रकात लिहिणार नाही. कारण माझ्या हातात प्लास्टिकचा कीस नाही, दातांची रेघ नाही, कोणाच्या आतल्या आवाजाला मी कान लावलेला नाही. फक्त संशय आहे, आणि त्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे.

दुरुस्तीचं पत्रक मी नानांना न विचारता काढलं आणि त्याच बाजारात उभं राहून वाटलं. भाजीवाली बाई वाचून म्हणाली, "म्हंजे कोनीच नही कापलं?" आणि कागदात वांगी बांधली. संशयाचं पत्रक लोकांनी घरी नेलं होतं. दुरुस्तीचं तिथंच पायाखाली गेलं.

नळ्यांचं सगळं मिटलं आहे. त्या तीन ओळींत मालकानं नवीन नळी टाकली, जमिनीपासून वर उचलून बांधली. उंदरीण बांधाच्या पलीकडं कुठंतरी आहे, अक्काला जागा माहीत आहे, ती सांगत नाही. मिटलेलं नाही ते एकच. गाडी फाट्यावर अजून थांबत नाही. पाड्यावरच्या बाया पहाटे उठून दोन कोस खाली चालत येतात आणि पुढच्या गावच्या बायांमध्ये मिसळून उभ्या राहतात. मुकादम बाकीच्यांकडं काणाडोळा करतो, त्या चढतात. अक्काला मात्र अडवतो. तो नुसता हात हलवतो, पुढच्या गाडीनं ये म्हणून. पुढची गाडी नसते.

हे वाचणारे तुम्ही केळीच्या पट्ट्यातले आहात. तुमची बाग असेल, भावाची असेल, सासऱ्याची असेल. तिथं सकाळी येणारी गाडी ह्याच मुकादमाची किंवा त्याच्या ओळखीच्याची आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी एकदा चुकलेली आहे. तुम्ही स्वतः उद्या सकाळी गाडी यायच्या वेळी बागेच्या तोंडाशी उभे राहा. मुकादमाला खाली उतरवा. त्याला फोनवर नाही, तोंडावर विचारा: पाड्याच्या फाट्यावर गाडी कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही? तो 'बाकीचे' म्हणेल. त्याला सांगा, त्या बाकीच्यांत माझं नाव धरू नको. हे त्याच्या गाडीतल्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा. आणि परवा सकाळी अक्का त्या गाडीतून तुमच्या बागेत उतरली नाही, तर परत जाऊन विचारा.